पॅलिड की माँटेग्यू? माळरानावरच्या हॅरियरचे फोटो आणि ओळख: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

काम एवढंच: इंदापूर-बारामतीकडच्या माळरानांवर हिवाळ्यात येणाऱ्या हॅरियरचे, म्हणजे आपल्या पुस्तकांतल्या भोवत्याचे, असे फोटो काढायचे की घरी बसून जात, वय आणि लिंग खात्रीनं सांगता येईल. देखणा फोटो मिळाला तर आनंदच, पण फ्रेम निवडताना पहिला निकष ओळखीचा. राखाडी नर सोपे असतात. खरा घोळ माद्या आणि पिल्लांचा, ज्यांना पक्षीनिरीक्षक सरसकट 'रिंगटेल' म्हणतात: तपकिरी अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा चट्टा, शेपटीवर पट्टे. पॅलिड आणि माँटेग्यू या हॅरियरच्या दोन जाती; दोन्हींच्या रिंगटेल एकाच माळावर, एकाच बांधावरून उडतात. हंगामाच्या शेवटी बहुतेकांच्या फोल्डरमध्ये 'हॅरियर' एवढंच नाव असलेले फोटो साठतात ते यांचेच.

२२ सप्टेंबर: तयारी

लेन्स १५०–६०० झूम, बॉडी २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची. विकत घ्यायची घाई करू नये. पुण्यात अशी लेन्स दिवसाच्या भाड्यानं मिळते, आणि पहिले दोन-तीन शनिवार-रविवार त्यावर भागतात. हिशेब आधीच करून ठेवला. ६०० मिमीवर, या बॉडीवर, १०० मीटर अंतरावरचा हॅरियर पूर्ण पंख पसरून साधारण १७०० पिक्सेल व्यापतो. २०० मीटरवर ८५०. २४ मेगापिक्सेलच्याच फुल फ्रेम बॉडीवर हे आकडे १,१०० आणि ५५० वर येतात. काखेतल्या पिसांवरचे पट्टे वाचायचे तर पंखपसाऱ्याला किमान ६०० पिक्सेल हवेत, त्याहून कमी असेल तर फक्त ठळक खुणा उरतात. म्हणून या कामाला एपीएस-सी सोयीची.

ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्यापासून कापून, दोन्ही टोकं दुहेरी शिवून बीनबॅग, म्हणजे खिडकीवर लेन्स टेकवायची पिशवी, केली. आत अडीच किलो ज्वारी. शिलाईसकट खर्च दीडशेच्या आत.

पुण्याहून ही माळरानं शंभर ते दीडशे किलोमीटर. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरले तर पेट्रोलला सतराशे-अठराशे रुपये. चौघं मिळून गेलं तर खर्च हलका होतो, पण खिडक्या दोनच कामाच्या असतात हे आधी ठरवून घ्यावं. वनखात्याच्या हद्दीत शिरायचं तर परवानगी आणि शुल्क आधी भरून ठेवायचं; बांधावरून, गाडीरस्त्यावरून बघायला तीही लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त चांगले फोटो तिथूनच मिळतात.

५ ऑक्टोबर: ऑटोफोकस गवतात अडकतं

पावसानंतरचं गवत गुडघ्याच्या वर. कुसळी फुलोऱ्यात. हॅरियर गवताच्या टोकांपासून मीटर-दीड मीटर उंचीवर तरंगत जातो, आणि कॅमेऱ्याचा 'पक्षी ओळख' मोड पक्षी सोडून तुऱ्यांवर बसतो. एकदा फोकस जवळच्या गवतावर गेला की परत अनंतापर्यंत यायला सेकंदभर लागतं. तेवढ्यात पक्षी वळलेला असतो.

उपाय दोन, दोन्ही एकदम करायचे. लेन्सवरचा फोकस लिमिटर '१० मीटर ते अनंत' वर. आणि विस्तृत क्षेत्राऐवजी छोटा झोन. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिला, म्हणजे पक्षी झुडपामागे गेला की अंगठा उचलायचा आणि फोकस आहे तिथेच राहतो. गाडीत बसल्यावर आधी शंभर मीटरवरच्या एखाद्या बाभळीवर फोकस करून ठेवावा. पक्षी अचानक वर आला तर लेन्सला शोधाशोध करावी लागत नाही.

शटर १/१००० सेकंदावर पंखांची टोकं हलली. हॅरियर संथ उडतो असं वाटतं, पण नेमकी टोकाची पिसंच आपल्याला वाचायची असतात. तरंगताना १/२०००, गवतात झेप घेताना १/३२००. अपर्चर लेन्सला जमेल तेवढा मोकळा, आयएसओ ऑटो, मर्यादा ३२००.

१३ ऑक्टोबर: पंखाखालचा अंधार

आकाशाच्या पार्श्वभूमीवर घेतलेल्या सगळ्या फ्रेममध्ये पंखाची खालची बाजू काळवंडली. तीच तर ओळखीची मुख्य जागा. प्रकाशाचं मोजमाप कॅमेऱ्यावर सोडलं की तो उजळ आकाश धरतो. +१ ते +१.३ एक्स्पोजर भरपाई दिली की आकाश पांढरं पडतं, पण दुय्यम पिसं, म्हणजे पंखाच्या अंगाकडच्या भागातली लांब पिसं, वाचता येतात. मात्र तोच पक्षी खाली उतरून पिवळ्या गवतासमोर आला की +१.३ जास्त होतं. पांढुरका नर पॅलिड असेल तर अंगाचा तपशीलच जळून जातो. भरपाईचं चाक सतत फिरवणं जमत नाही. म्हणून मॅन्युअल: सकाळी एकदा उन्हातल्या गवतावर एक्स्पोजर बसवायचं, मग दर वीस मिनिटांनी तपासायचं. गवतासमोरच्या पक्ष्याला ते तसंच चालतं, आकाशातल्या पक्ष्यासाठी चाक एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) उघडायचं.

सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर फ्रेम ओळखीसाठी बाद धरावी. प्रकाश पिसांमधून आरपार येतो, गडद दुय्यम पिसंही फिकट, चमकती दिसतात आणि पॅलिडची माँटेग्यू होते.

२७ ऑक्टोबर: तापलेली हवा

साडेनऊनंतर काढलेलं जवळजवळ सगळं मऊ. फोकस बरोबर, शटर बरोबर, तरी कडा वितळल्यासारख्या. जमीन तापली की हवेचे थर हलू लागतात आणि १०० मीटरच्या पुढचं काहीही रेखीव येत नाही. महाग लेन्सनंही यात फरक पडत नाही.

त्याहून लक्षात न येणारं कारण गाडीच. इंजिन चालू असेल तर बॉनेटवरून गरम हवा वर येते, आणि खिडकी बाजूला असली तरी वारा ती लेन्ससमोर आणतो. हीटर लावून आलेली गाडी आतून उबदार असते. काच खाली केली की ती हवा खिडकीतून बाहेर पडत राहते, अगदी लेन्सच्या तोंडाशी. पोचल्यावर चारी काचा दहा मिनिटं पूर्ण उघड्या ठेवायच्या, इंजिन बंद. लेन्सचा हूड खिडकीच्या बाहेर राहील असं बसायचं. एवढं केल्यावर साडेसात ते नऊ हा वेळ खरोखर हातात येतो.

१० नोव्हेंबर: कुठं थांबायचं

पक्ष्याच्या मागे गाडी घालणं पूर्ण बंद. हॅरियर गाडीपुढे उडत राहतो, म्हणजे शेपटीचेच फोटो मिळतात, वर त्याची शिकारीची वेळ वाया जाते. गाडीरस्ता सोडून गवतात चाक घातलं तर चंडोल, धाविक, पखुर्डी यांची जमिनीवरची घरटी आणि लपायच्या जागा चिरडतात. चाकोरीचा एक जोड पाडला की पुढच्या आठवड्यात त्यावरून दहा गाड्या जातात.

थांबण्याची जागा वाऱ्यावरून ठरवली आणि कामाचा वेग बदलला. हिवाळ्यात या भागात सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून. हॅरियरला अगदी हळू उडायचं असतं, त्यामुळे तो वाऱ्याला तोंड देऊन गवत चाळतो, म्हणजे सकाळी पूर्वेकडे तोंड करून. आपण पट्ट्याच्या पूर्व टोकाला, सूर्य पाठीशी घेऊन थांबलो तर पक्षी समोरून, तोंडावर ऊन घेऊन येतो. चेहरा आणि मान, म्हणजे गळपट्टा (मानेवरचा फिकट पट्टा) तपासायची जागा, उजेडात येते. संध्याकाळी मात्र वारा तोच आणि सूर्य पश्चिमेला. पाठीशी ऊन घेतलं की पाठमोरा पक्षी मिळतो. त्यामुळे संध्याकाळ वरच्या बाजूच्या फोटोंसाठी ठेवली.

पट्टा निवडताना दोन वेगळ्या जमिनींची शिव बघावी: गवत आणि तुरीचं शेत, गवत आणि नांगरलेलं रान, ओढ्याची कड. हॅरियर अशा कडेनं सरळ जातो, टोकाला वळतो आणि पुष्कळदा अर्ध्या-पाऊण तासानं त्याच मार्गानं परत येतो. मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या धनगरांना हे मार्ग तोंडपाठ असतात. त्यांना 'सांजच्याला गवतात उतरणारी घार' असं विचारलं की नेमकी दिशा कळते.

१७ नोव्हेंबर: सगळ्यात मोठी अडचण

आतापर्यंतच्या रिंगटेलची छाननी करताना 'पॅलिड मादी' या फोल्डरमध्ये संशयास्पद गर्दी दिसली. कारण शोधलं तेव्हा हे निघालं: पॅलिड मादीची पंखाखालची दुय्यम पिसं गडद असतात आणि माँटेग्यू मादीची फिकट, ठळक पट्ट्यांची, हा नियम सगळ्यांवर लावला गेला होता. तो फक्त प्रौढ माद्यांना लागू होतो. पिल्लांमध्ये दोन्ही जातींची दुय्यम पिसं खालून गडदच असतात. म्हणजे माँटेग्यूचं पहिल्या वर्षाचं पिल्लू या नियमानं आपोआप 'पॅलिड' ठरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माळावर पिल्लं भरपूर, त्यामुळे फोल्डर फुगलं.

म्हणून क्रम पक्का केला. आधी वय, मग जात.

वयासाठी छाती-पोट बघायचं. प्रौढ मादीच्या खालच्या अंगावर तपकिरी उभ्या रेघा असतात. पिल्लाचं अंग सलग तांबूस, जवळजवळ बिनरेघांचं. माँटेग्यूच्या पिल्लाला छातीच्या बाजूला बारीक रेघा असू शकतात, पण पोट साफ. पिल्लाची पिसं सगळी एकाच वेळी उगवलेली, त्यामुळे पंखाची मागची कड सलग आणि ताजी दिसते.

पिल्लू ठरलं तर पंखाखालच्या दुय्यम पिसांकडे बघायचंच नाही. मान बघायची. पॅलिडच्या पिल्लाला कानामागून गळ्यापर्यंत फिकट, स्वच्छ पट्टा असतो आणि त्याच्या मागे मानेच्या बाजूला गडद मफलर. हा जोड दूरवरूनही दिसतो. कानावरचा गडद डाग चोचीच्या मुळापर्यंत पोचतो. माँटेग्यूच्या पिल्लात फिकट पट्टा नसतो किंवा अगदी पुसट, मान छातीच्याच रंगात मिसळते, डोळ्याभोवती पांढरा भाग मोठा आणि कानावरचा डाग कोयरीसारखा सुटा राहतो. मग पंखाचं टोक बघायचं. माँटेग्यूच्या पिल्लाची 'बोटं', म्हणजे टोकाची सुटी दिसणारी पिसं, गडद, आणि आतल्या प्राथमिक पिसांची (पंखाच्या बाहेरच्या भागातल्या लांब पिसांची) मागची कडही गडद. पॅलिडच्या पिल्लाची प्राथमिक पिसं साधारण सारख्या पट्ट्यांची, मागची कड फिकट, आणि बोटांच्या मुळाशी पट्टे नसलेला फिकट चंद्रकोरी भाग.

प्रौढ मादी ठरली तर मगच दुय्यम पिसं. माँटेग्यू मादीत ती फिकट, मधून एक रुंद गडद पट्टा, तो काखेपर्यंत स्पष्ट जातो. काखेत तांबूस-विटकरी ठळक आडवे पट्टे. वरून बघितलं तर दुय्यम पिसांवर एक काळपट पट्टा. पॅलिड मादीत दुय्यम पिसं खालून गडद, त्यातले फिकट पट्टे अंगाकडे येता येता निमुळते होत विरतात; हाताकडचा पंख त्यामानानं उजळ, त्यामुळे पंख दोन तुकड्यांचा दिसतो. काखेत गडद पार्श्वभूमीवर फिकट ठिपके. गळपट्टा प्रौढ पॅलिड मादीलाही असतो.

शेपटीवरचा पांढरा चट्टा, 'उडण्याची ढब', एकूण आकार: तिन्ही गोष्टी निर्णयातून काढून टाकल्या. चट्टा दोघांनाही असतो. ढब वाऱ्याप्रमाणे बदलते. आकार तर फोटोत कळतच नाही.

या छाननीत दोन पूर्ण शनिवार-रविवार गेले. फोल्डर नव्यानं लावताना 'पॅलिड मादी' निम्म्याहून कमी उरल्या.

१ डिसेंबर: नोंदीचा तक्ता

प्रत्येक पक्ष्याला एक ओळ. रकाने: तारीख, वेळ, जागा, वय, गळपट्टा, कानावरचा डाग, खालची दुय्यम पिसं, काख, बोटं, आतल्या प्राथमिक पिसांची कड, वरच्या पंखावरचा पट्टा, निर्णय. खुणेच्या प्रत्येक रकान्यात तीनपैकी एक अक्षर: 'प', 'मा' किंवा 'दि', म्हणजे दिसत नाही. निर्णयासाठी किमान तीन खुणा एका बाजूला आणि विरुद्ध बाजूला एकही नको. आणि त्या खुणा किमान दोन वेगवेगळ्या फ्रेममधून आलेल्या हव्यात, कारण एकाच फ्रेममध्ये सावली पट्ट्यासारखी दिसू शकते.

जिथं भागत नाही तिथं 'पॅलिड/माँटेग्यू' असंच लिहायचं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशी जोडनोंद करता येते. तिला कमीपणाची नोंद समजू नये. पुढे कुणी या आकड्यांवरून दोन जातींचं प्रमाण काढणार असेल तर ओढूनताणून दिलेलं नाव सगळ्यात घातक.

कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवलं. दोन कॅमेरे असतील तर हे आधीच करावं. चार मिनिटांचा फरक असला की एकाच पक्ष्याचे फोटो दोन पक्ष्यांचे वाटतात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, साधारण २५ ते ३० एमबी, म्हणजे हजार फ्रेमला २५-३० जीबी. सेकंदाला दहा फ्रेमच्या दरानं बटण दाबून ठेवण्यापेक्षा पंख वर, पंख खाली आणि तरंग अशा तीन छोट्या झडी घेतल्या तर सगळ्या खुणा येतात आणि कार्डही पुरतं.

१५ डिसेंबर: रातथाऱ्यावर

हॅरियर रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर एकत्र उतरतात. गुजरातेत वेळावदरला हे थवे फार मोठे असतात. आपल्याकडे लहान, पण ठिकाण वर्षानुवर्षं तेच असू शकतं. सूर्यास्त सहाच्या सुमारास. साडेपाचपासून पक्षी येऊ लागतात, आधी शेजारच्या नांगरलेल्या रानात ढेकळांवर बसतात, आणि अंधार पडता पडता गवतात जातात.

इथं ओळखीचे फोटो मिळत नाहीत. आयएसओ १२८००लाही पंखाखाली फक्त काळोख. रातथाऱ्याचं काम मोजणीचं: राखाडी नर, रिंगटेल, मार्श हॅरियर, इतकेच तीन गट. दोघांनी दोन बाजूंनी मोजायचं, उतरलेले आणि पुन्हा उठलेले वेगळे लिहायचे, शेवटी जुळवायचं. अंतर अडीचशे-तीनशे मीटर, गाडीतच बसून, टॉर्च नाही, निघताना दिवे लावायचे ते वळल्यावर. एकदा उठवलेला थवा अंधारात दुसरीकडे उतरतो, आणि तिथं कुत्री-कोल्ह्यांपासून सुरक्षितता असेलच असं नाही. जागेचं नाव सार्वजनिक नोंदीत टाकलेलं नाही.

रातथाऱ्यावर पक्ष्यांनी ओकलेल्या, न पचलेल्या भागांच्या गोळ्या सापडतात, नाकतोड्यांचे पाय आणि कवचं त्यात स्पष्ट दिसतात. परवानगीशिवाय त्या गोळा करायच्या नाहीत. गळलेलं पीस तर उचलूही नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली ते बाळगणं अडचणीत आणू शकतं. जागेवर मोजपट्टी ठेवून फोटो पुरतो.

२९ डिसेंबर: बोटं मोजताना

एका रिंगटेलला 'हेन हॅरियर' असं नाव सुचवलं गेलं. ती जात हिवाळ्यात उत्तर भारताची. महाराष्ट्रातला दावा असेल तर पुरावा तसाच हवा. पॅलिड आणि माँटेग्यूच्या पंखाच्या टोकाला चार सुटी बोटं दिसतात, हेन हॅरियरला पाच. पण पक्षी वळताना एक पंख पुढे घेतो, तेव्हा पिसं एकमेकांवर सरकून चाराची तीन होतात, किंवा पाचवं पीस जरासं सुटून चाराची पाच वाटतात. मोजणी फक्त पूर्ण पसरलेल्या पंखावर, सलग तीन फ्रेममध्ये तोच आकडा आला तरच. हा पक्षी चार बोटांचा निघाला, जुनी माँटेग्यू मादी.

मार्श हॅरियरलाही पाच बोटं, पण तो रुंद पंखांचा, जड, आणि मादी-पिल्लांचं डोकं बहुधा मलईच्या रंगाचं. गोंधळ होतो तो माँटेग्यूच्या काळ्या रूपामुळे: पूर्ण गडद चॉकलेटी पक्षी. चार बोटं, सडपातळ पंख आणि डोक्यावर मलई रंगाचा अभाव यावरून तो वेगळा काढता येतो. नुसत्या रंगावर गेलं तर चुकतंच.

बीनबॅगमधल्या ज्वारीला पोरकिडे लागले. ओतून टाकून प्लास्टिकचे दाणे भरले. हलके पडतात, म्हणून थोडी धुतलेली, वाळवलेली जाड वाळू वेगळ्या पिशवीत घालून आत ठेवली.

१२ जानेवारी: संगणकावर बिघडणारं

एकाच फ्रेमच्या तीन आवृत्त्या करून बघितल्या. सावल्या उचलल्या की गडद दुय्यम पिसं फिकट होतात आणि पॅलिड माँटेग्यूकडे झुकते. शार्पनिंग वाढवलं की नॉइजच्या, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाच्या, ठिपक्यांतून खोटे पट्टे तयार होतात, विशेषतः काखेत. आणि नवी नॉइज काढणारी सॉफ्टवेअर पिसांच्या कडा स्वतःहून 'पूर्ण' करतात; जिथं मूळ फाइलमध्ये नुसता डाग आहे तिथं ती नीटस पट्टा काढून देतात. व्हाइट बॅलन्स गरम केला तर कोणतंही पोट तांबूस होतं आणि प्रौढ मादी पिल्लू वाटू लागते.

नियम: निर्णय मूळ रॉवर, ठरावीक डेलाइट व्हाइट बॅलन्सवर, फक्त एकूण एक्स्पोजर वरखाली करून. सजवणं नंतर, वेगळ्या प्रतीवर. दुसऱ्याचं मत विचारतानाही मूळ क्रॉप पाठवायचा, सजवलेली प्रत नाही.

२ फेब्रुवारी: रंग उडाला

पिल्लांची तांबूस पोटं उन्हानं फिकट, काही जवळजवळ साय-रंगाची. काही नर पिल्लांच्या छातीवर राखाडी पिसं येऊ लागली, शेपटीची मधली पिसंही राखाडी. ऑक्टोबरमधली 'सलग तांबूस म्हणजे पिल्लू' ही खूण आता एकटी पुरत नाही. पंखांची पिसं मात्र अजून पहिलीच आहेत, त्यामुळे बोटं आणि मागची कड या खुणा शाबूत. टोकं झिजल्यानं पॅलिडची फिकट कड अरुंद झाली आहे एवढंच. डोळ्याचा रंग इथं मदतीला येतो: पिल्लाच्या पिसाऱ्यात डोळा फिकट असेल तर बहुधा नर, गडद तपकिरी असेल तर मादी. पण त्यासाठी पक्षी ६० मीटरच्या आत हवा.

१६ फेब्रुवारी: जळालेला माळ

एक मोठा पट्टा वणव्यात गेला. फोटोच्या दृष्टीनं लगेच जाणवलं: पिवळं गवत आणि उघडी माती सकाळचा प्रकाश वर फेकून पंखाखालची बाजू उजळतात, काळ्या राखेवरून तसाच पक्षी एक स्टॉप गडद येतो. त्या पट्ट्यावरच्या सगळ्या फ्रेम वेगळ्या खुणेनं साठवल्या, आधीच्यांशी थेट तुलना करायची नाही.

दोन-तीन दिवस जळालेल्या कडेला हॅरियर उलट जास्त दिसले, उघड्यावर आलेले नाकतोडे आणि सरडे टिपत. मग तो भाग ओस. सरकारी कागदांत अशा जमिनी वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणून नोंदल्या गेल्या. तिथं कुणी झाडं लावतं, कुणी नांगर घालतं, आणि दोन्ही कामं चांगली समजली जातात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत पॅलिड हॅरियर 'संकटसमीप' आहे. त्याला झाड नको, उभं वाळलेलं गवत हवं. नोंदींचा काही उपयोग व्हायचा असेल तर कुठल्या पट्ट्यावर कोणती जात किती आठवडे होती हे वनखात्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून तक्त्यात 'जमिनीची अवस्था' हा रकाना वाढवला: उभं गवत, चराई झालेलं, जळालेलं, नांगरलेलं.

९ मार्च: नर

संख्या कमी होत चालली. राखाडी नरांच्या काही चांगल्या फ्रेम. माँटेग्यू नर: पंखाच्या टोकाला भरपूर काळं, वरून दुय्यम पिसांवर एक काळा पट्टा, खालून दोन, पोटावर आणि पंखाखाली विटकरी रेघा. पॅलिड नर: खालून जवळजवळ शुभ्र, टोकाला फक्त मधल्या पिसांचं अरुंद काळं पाचर. दूरवरून, ऊन डोक्यावर असताना, कापशी घारही पॅलिड नर समजली जाते. तिचा काळा डाग खांद्यावर असतो आणि ती एका जागी पंख फडकवत हवेत थांबते. एक फ्रेम मिळाली तरी पुरते.

३० मार्च: फेरतपासणी

आठवडाभर रिंगटेल नाही. इकडे हिवाळा काढणाऱ्या माँटेग्यू हॅरियरना उपग्रह टॅग लावून कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशापर्यंतचा प्रवास नोंदला गेला आहे. एप्रिलमध्ये ते वाटेत असतात.

'पॅलिड/माँटेग्यू' राहिलेल्या ओळी पुन्हा उघडल्या, यावेळी तारखा झाकून, दोघांनी स्वतंत्रपणे. दोघांचं उत्तर जुळलं आणि तीन खुणा भरल्या तेवढ्याच हलवल्या. बाकीच्यांत कमी पडलेली खूण बहुतेक वेळा एकच: मान. वरून किंवा मागून घेतलेल्या फ्रेम, ज्यात पंख उत्तम आहे पण गळपट्ट्याची जागा दिसत नाही. पुढच्या ऑक्टोबरसाठी ठरवलं: पक्षी समोरून येत असेल तर पहिली झड चेहऱ्यावर, तो बाजूला येईपर्यंत थांबायचं नाही; पंखाखालची बाजू वळताना मिळतेच.

न ठरलेल्या ओळी जोडनोंद म्हणून चढवल्या. रॉ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. लेन्सच्या झूमच्या खाचेत साठलेली माती हवेच्या फुग्यानं काढली, ब्रश आत घातला नाही, तो धूळ आणखी आत ढकलतो. सिलिका जेलच्या पुड्या बदलून डबा बंद.